विचारा, सांगतो

प्रश्न : ‘वीड्स’ या अमेरिकन मालिकेत विधवा आई गांजा विकते, आणि आपण हसतो. हे बरं दिसतं का? शिवाय, कॅलिफोर्नियात गांजाला परवानगी आहे ना?

उत्तर : आता आहे, तेव्हा नव्हती. मालिका 2005 साली सुरू झाली. डॉक्टरांच्या शिफारशीने औषध म्हणून गांजा तिथे 1996 पासून चाले. मौजेखातर वापरायला मतदारांनी 2016 मध्ये होकार दिला. म्हणजे त्या विधवा आईचा, नॅन्सीबाईंचा, धंदा सरळसरळ गुन्हाच. (केंद्राचा कायदा तर त्याहून कडक.)

हसू गांजावर नाही, शेजाऱ्यांवर येतं. पहिल्याच भागात शाळेतली पालकसभा पाहा : गोड शीतपेयांवरून केवढी गंभीर चर्चा! त्याच वस्तीत नगरपरिषदेचा सदस्य डग हा बाईंचं नेहमीचं गिऱ्हाईक, आणि पेशाने हिशेबनीस. पुढे पैसा पांढरा करायला बाई बेकरी काढतात. बाहेरून कसं सगळं साजूक!

पोरांचे हाल मात्र हसण्यावारी नेऊ नका. धाकट्या शेनकडे लक्ष ठेवा. तिसऱ्या पर्वाअखेर कुटुंब ते उपनगर सोडतं आणि माझ्या मते गंमतही तिथेच सुटते. मालिका पुढे 2012 पर्यंत ताणली आहे. तुम्ही तिसऱ्यावर थांबलात तरी चालेल.