सीए की शांततेचं काम? आधी मुलीला जेवायला बसवा

प्रश्न : मुलगी सोलापुरात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, 58 टक्के. आम्ही सीए ठरवलं आहे. तिला कर्ज काढून बेलफास्टला शांतता अभ्यासात एमए करायचं आहे, मग परदेशी निधीच्या संस्थेत नोकरी. म्हणजे दुसऱ्याच्या दानावर जगणं! दोन दिवस जेवली नाही, तरी आम्ही बधलो नाही. मार्ग सुचवा. – एक पालक

उत्तर : टक्क्यांचं राहू द्या. 'जेवली नाही, तरी आम्ही बधलो नाही' हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय, याची मला काळजी वाटते. आज तिला शेजारी बसवून जेवू घाला आणि मध्ये न बोलता तिचं ऐका. अजूनही नीट जेवत-झोपत नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मनाविरुद्ध सीएला बसवलेली मुलं परीक्षेतला एखादा ग्रुप (विषयांचा गट) राहिला तरी घरी सांगत नाहीत. वर्षं मात्र जातात.

सीएला 55 टक्क्यांवर वाणिज्य पदवीधरांना पहिल्या पायरीची परीक्षा न देता थेट प्रवेश आहे. पण निर्णय तिचा.

आता 'दाना'बद्दल. बेलफास्ट जिथं आहे त्या उत्तर आयर्लंडमध्ये आणि सीमेलगतच्या आयरिश जिल्ह्यांत युरोपीय संघाचा 'पीस' (शांतता) निधी 1995पासून चालतो. 2021-27च्या टप्प्यात ब्रिटन आणि आयर्लंडचा वाटा धरून तो सुमारे 114 कोटी युरोंचा आहे. असे पैसे बहुतेकदा संस्थेनं आधी खर्च करायचे, तपासणीनंतर परत मिळतात. कोटेशन किंवा कामाच्या तासांची नोंद नसेल तर तो खर्च नामंजूर होऊन संस्थेच्या अंगावर पडतो. छोट्या संस्था इथंच अडकतात, पगार थकतात. आपल्याकडे परदेशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, प्रशासनावर 20 टक्क्यांपर्यंतच खर्च करता येते आणि 2020पासून ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. हे सांभाळायला हिशेब कळणारं माणूस लागतं. तुमची मुलगी बीकॉम आहे, हे तिचं बळ आहे.

तिलाही स्पष्ट सांगते : अनुभवाशिवाय कर्ज काढून बेलफास्ट नको. आधी परदेशी देणगीची नोंदणी असलेल्या संस्थेत दोन वर्षं हिशेब आणि अहवालाचं काम कर. एमए करायचंच असेल तर टाटा इन्स्टिट्यूटचं तुळजापूर केंद्र तासाभरावर आहे, प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून.

या आठवड्यात एखाद्या संस्थेचे संकेतस्थळावरचे दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब उतरवून घे. प्रशासनाचा खर्च किती टक्के, कोणता निधी कशावर गेला, ते वहीत मांड आणि बाबांना समजावून सांग.