वाक्य त्यांचं त्यांना पूर्ण करू द्या

‘मॅडम, आवाज पहिल्यासारखा होईल ना?’

घशाच्या कर्करोगावर उपचार सुरू असलेल्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. मी समुपदेशक, नवी मुंबईत बसत असल्यामुळे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटाचंच कर्करोग केंद्र) किंवा परळच्या टाटामध्ये उपचार घेणारी बरीच कुटुंबं माझ्याकडे येतात. प्रश्न विचारते बायको, मुलगा, नाहीतर सून. ज्याचा आवाज, तो माणूस शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेला असतो. मला आधी ते दिसतं, प्रश्न नंतर ऐकू येतो.

उत्तर उपचारावर अवलंबून असतं. रेडिएशन चालू असताना घसा सुजतो, आवाज बसतो, कधी कधी पार नाहीसा होतो. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत, काहींना काही महिन्यांत, तो बराचसा सुधारतो. थोडी घोगराई राहू शकते. लाळ कमी झाल्याने शब्द तोंडात चिकटतात, म्हणून पाण्याची बाटली हाताशी हवी. या काळात पुष्कळजण आवाज जपायचा म्हणून कुजबुजत बोलतात. तसं करू नका, त्याने घशावर ताणच येतो. हळू, पण नेहमीच्या आवाजात बोला.

स्वरयंत्रच काढावं लागलं, तर गोष्ट वेगळी. मग श्वास नाकातोंडाने नाही, गळ्यावर केलेल्या छिद्रातून चालतो, आणि तो कायमचा. पहिला आवाज परत येत नाही. हे मी घरच्यांना स्पष्ट सांगते. पण बोलणं परत येऊ शकतं, हेही तितकंच स्पष्ट सांगते.

अण्णांची गोष्ट त्यासाठीच सांगते आहे. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अण्णा मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्यात. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी टोळीचे मुकादम. गाळ्याच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाच्या माणसाला हाक मारायचे. स्वरयंत्र काढल्यावर त्यांना व्हॉइस प्रोस्थेसिस बसवला होता. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत छिद्र करून त्यात सिलिकॉनचा छोटा वॉल्व्ह बसवतात. गळ्यावरचं छिद्र अंगठ्याने बंद केलं की फुप्फुसातली हवा वॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते, तिथला वरचा भाग थरथरतो आणि आवाज उमटतो. मुलाला वाटत होतं, वडिलांवर काहीतरी प्रयोग चाललाय. सिंगर आणि ब्लॉम या अमेरिकी जोडीने १९८० मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हापासून ती जगभर वापरात आहे, हे त्याला सांगितल्यावर तो जरा सैल झाला.

अडचण निराळीच होती. स्पीच थेरपिस्टच्या खोलीत अण्णा बोलत, तिला कळेलही असं बोलत. घरी मात्र दोन शब्दांत घरघर व्हायची, चिडून अंगठा काढायचे आणि गप्प. नंतर नंतर तर नुसत्या खुणा.

‘घरी कोणाला कळतच नाही,’ मुलगा म्हणाला.

‘त्यांना काय म्हणायचं असतं?’

‘तेच, जेवणाचं, औषधाचं. आम्ही ओळखतो.’

म्हणजे अण्णांनी तोंड उघडण्याआधीच उत्तर तयार असायचं. मी एकट्या माणसाला पाहत नाही, त्याच्याभोवतीचं घर पाहते. गळ्याचे डॉक्टर गळा बघतात, ते त्यांचं काम. बोलणं मात्र दोघांच्या मध्ये घडतं, आणि मध्ये काय अडकलंय हे दोघांना समोरासमोर बसवल्याशिवाय दिसत नाही. म्हणून सगळ्यांनाच बोलावलं.

त्या दिवशी अण्णांनी बोलायला घेतलं तेव्हा मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. छिद्रावर इतका जोरात दाबलेला की नख पांढरं पडलेलं. मान ताणलेली, शिरा टरारलेल्या. गाळ्याच्या त्या टोकापर्यंत आवाज पोचवायचा असावा तसा जोर. वॉल्व्हला असा जोर चालत नाही. हवा छिद्राच्या कडेने फुसफुसत निसटते आणि आवाज आणखी दाटतो. थेरपिस्टने हे त्यांना कितीदा सांगितलं असेल! तिच्या खोलीत ते ऐकायचे, कारण तिथे ते पेशंट होते. घरात ते मुकादम होते. त्यांना आवाजापेक्षा जरब परत हवी होती.

मी एवढंच विचारलं, ‘अण्णा, इथे कोणाला हाक मारताय? सगळे तर हाताच्या अंतरावर आहेत.’

ते काही बोलले नाहीत. बोलल्या त्या काकू, अण्णांच्या पत्नी. इतके दिवस त्यांच्या वतीने बोलणाऱ्या काकू पहिल्यांदाच स्वतःच्या वतीने बोलल्या.

‘हे ओरडायचे ना मॅडम, तेव्हा आम्ही ऐकत नव्हतो. सहन करत होतो.’

सुनेने पदर सावरला, मुलगा फोनकडे बघायला लागला. अशा क्षणी समुपदेशकाने काहीतरी समजूतदार बोलून ताण कमी करायचा मोह टाळावा. मी तो टाळला. माझ्या कामातली अवघड गोष्ट हीच आहे, आणि ती मला जमते असं आता म्हणायला हरकत नाही.

अण्णांची मान खाली गेली. खांदे पडले. बऱ्याच वेळाने अंगठा छिद्रावर आला, पण हलकेच, आणि ते म्हणाले, ‘मग आधी का नाही सांगितलंस?’

जाड, खरखरीत आवाज. पण शब्द न् शब्द कळला. खोलीतल्या प्रत्येकाला कळला. काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी उत्तर दिलं, ते त्या दोघांचं आहे, इथे लिहीत नाही. अण्णांची देहबोली बदलली ती तिथे. जोर ओसरला आणि बोलणं मोकळं झालं.

मग घरच्यांना कामं दिली. अण्णा बोलत असताना टीव्ही आणि मिक्सर बंद. स्वयंपाकघरातून ‘काय म्हणालात?’ असं विचारायचं नाही, समोर येऊन बसायचं. या आवाजात प आणि ब, त आणि द सहज वेगळे कळत नाहीत, ह तर हरवतोच. ओठ आणि चेहरा दिसला की निदान बाकीचं वाक्य ओळखायला सोपं जातं. कळलं नाही तर मान डोलवायची नाही. जेवढं कळलं तेवढं परत म्हणायचं आणि राहिलेलं विचारायचं, म्हणजे त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागत नाही. आणि वाक्य त्यांचं त्यांना पूर्ण करू द्यायचं. हे शेवटचं मुलाला सर्वांत जड गेलं.

पाणी पिताना ठसका लागायला लागला, तर वॉल्व्ह गळतोय असं समजून रुग्णालयात दाखवायचं. वॉल्व्ह काही महिन्यांनी बदलावाच लागतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खिशात ‘मी गळ्यातून श्वास घेतो’ असं लिहिलेलं कार्ड ठेवायचं. तातडीच्या प्रसंगी ऑक्सिजन तोंडाला नाही, गळ्याला द्यावा लागतो, हे अनोळखी माणसाला त्यावरून कळेल.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर आधीच स्पीच थेरपिस्टची भेट मागून घ्या, आणि शक्य असेल तर असं ऑपरेशन झालेल्या माणसाशी प्रत्यक्ष बोला. नंतर कोणता आवाज ऐकायचा आहे, हे घरातल्या सगळ्यांनी आधी ऐकलेलं बरं.

अण्णा मार्केटला परत गेले नाहीत. फोनवर अजून जमत नाही, व्हिडिओ कॉलवर जमतं. संध्याकाळी आवाज थकतो. मुलगा अजूनही अधूनमधून मध्येच बोलतो, आणि अण्णा आता हात वर करून त्याला थांबवतात.