पावसाळ्यातली चेन: तेल आत, फडकं बाहेर

गेल्या पंधरवड्यात सायकलबद्दल आलेल्या प्रश्नांत पंक्चर आणि सीट दोन्ही मागे पडले, सगळ्यांचं घोडं चेनपाशी अडलं. पाऊस नीट लागल्याची खूण मी यावरूनच ओळखतो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांबलचक होते ते छाटले आहेत.

प्रश्न: धायरीहून रोज १२ किलोमीटर सायकलने कामावर जातो. दुकानात ‘ड्राय’ आणि ‘वेट’ अशा दोन बाटल्या होत्या. ‘ड्राय’ने चेन कोरडी राहील असं वाटून तीच घेतली. दोन दिवसांच्या पावसात चेन करकरायला लागली. बाटली डुप्लिकेट निघाली का? (एक वाचक, पुणे)

बाटली अस्सल असेल, घोटाळा नावाचा आहे. ड्राय आणि वेट ही चेनची नव्हे, हवेची वर्णनं. ड्राय कोरड्या दिवसांसाठी: पातळ द्रावकात मेण किंवा तसलाच काही पदार्थ असतो, द्रावक उडून जातं आणि मागे पातळसा थर राहतो. त्याला धूळ कमी चिकटते, पण एका सरीत तो निघून जातो. वेट म्हणजे घट्ट, चिकट तेल. ते पावसात तग धरतं, आणि चिकट असल्यामुळे माती-कचरासुद्धा धरतं. तुम्हाला जून ते सप्टेंबर वेट. ऑक्टोबरच्या उन्हात रस्त्यावर धूळ उडायला लागली की तुमची ड्रायची बाटली बाहेर काढा, ती वाया गेलेली नाही.

आता बाटलीपेक्षा महत्त्वाचं. चेनचा एक तुकडा हातात धरून जवळून बघा. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन आणि पिनेभोवती फिरणारा छोटा रोलर. झीज होते ती पिनेवर आणि रोलरच्या आत, म्हणजे जिथे नजर पोचत नाही तिथे. पट्ट्यांच्या बाहेरून चमकणारं तेल काहीच काम करत नाही, रस्त्यावरची रेती गोळा करतं एवढंच. म्हणून चेनवर तेलाची धार धरू नका. एकेका रोलरवर एकेक थेंब टाका. गिअरच्या सायकलला साधारण ११० ते ११६ जोड असतात, तेवढे थेंब. पाच मिनिटं लागतात. चेनचा खालचा पदर असतो त्याच्या वरच्या अंगाला थेंब सोडायचे, मग पेडल उलटं २०-२५ वेळा फिरवायचं आणि सायकल रात्रभर उभी ठेवायची. सकाळी निघण्याआधी कोरड्या फडक्यात चेन धरून पेडल फिरवायचं, फडक्यावर काळा डाग उमटेनासा होईपर्यंत. ही शेवटची पायरी लोकांना जिवावर येते. ‘कालच तर तेल घातलं, आज पुसू कशाला?’ पण पुसलं जातं ते बाहेरचं. आतलं आतच राहतं.

रोजच्या पावसात हे आठवड्यातून एकदा पुरे. मुसळधार पावसात भिजून घरी आलात तर त्याच संध्याकाळी पुसा, वाळू द्या आणि पुन्हा थेंब टाका.

प्रश्न: चाळीस वर्षं सायकल चालवतोय. चेनला घरचं खोबरेल, नाहीतर शिलाई मशीनचं तेल. कधी तक्रार नाही. आता नातवाने गिअरची सायकल घेतली आहे आणि तो म्हणतो, आजोबा, हे चालत नाही. खरं कोणाचं? (एक ज्येष्ठ वाचक, रत्नागिरी जिल्हा)

काका, दोघांचंही. तुमच्या काळ्या सायकलला पूर्ण चेनकव्हर असणार. चेन रुंद, मागे एकच चक्र, आणि चिखल चेनपर्यंत पोचतच नाही. अशा सायकलला कुठलंही तेल वेळच्या वेळी घातलं तर ती तक्रार करत नाही. नातवाची चेन अरुंद आहे, उघडी आहे, आणि पुढच्या चाकाने उडवलेला तांबडा चिखल थेट तिच्यावर येतो.

खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, हे थंडीत डब्यातून चमच्याने काढताना तुम्हीही पाहिलं असेल. शिवाय बरीचशी खायची तेलं धातूवर उघड्यावर राहिली की चिकट राळेसारखी होतात. ते केसांनाच राहू द्या. शिलाई मशीनचं तेल मात्र वाईट नाही. पातळ असल्याने रोलरच्या आत सुरेख उतरतं, पण तितक्याच सहज धुऊन जातं. कोकणच्या पावसात ते दर फेरीनंतर घालावं लागेल. गॅरेजमधून आणलेलं वापरलेलं इंजिन ऑइल मुळीच नको, त्यात इंजिनाचा झिजलेला कीस असतो. ग्रीसही नको. ते आत शिरत नाही, बाहेरच बसून माती जमवतं. समुद्राजवळ राहत असाल तर आणखी एक: खाऱ्या हवेत चेन कोरडी सोडली की दोन-चार दिवसांत तांबूस होते. सायकल वापरली नाही तरी तेल हवंच.

प्रश्न: पावसातून आलो की चेनवर डब्ल्यूडी-४० मारतो. चेन चकाचक होते, आवाज बंद. दुसऱ्या दिवशी परत तेच. (एक वाचक, ठाणे)

या डब्याचं उत्तर त्याच्या नावातच आहे. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. अमेरिकेत सॅन डिएगोला १९५३ मध्ये हे मिश्रण तयार झालं ते गंज रोखायला. त्यात बराचसा भाग द्रावकाचा. तो पाणी हटवतो आणि त्याच झपाट्यात रोलरमधलं उरलंसुरलं तेलही पातळ करून बाहेर काढतो. म्हणून पहिल्या दिवशी शांतता आणि दुसऱ्या दिवशी बोंब. भिजलेल्या चेनमधलं पाणी काढायला खुशाल वापरा, पण नंतर पुसा, तास-दोन तास जाऊ द्या आणि खरं तेल घाला. त्याच कंपनीची खास सायकलच्या चेनसाठीची तेलं वेगळी मिळतात, त्यांच्याबद्दल मी हे म्हणत नाही.

प्रश्न: आमच्याकडे पाऊस कमी, पण पडला की रानातल्या वाटांवर काळ्या मातीचा राडा होतो. चाक फिरायचं थांबतं, चेन दिसेनाशी होते. आल्यावर सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरने धुऊन घेतो आणि लगेच भरपूर तेल घालतो. तरी एका हंगामात चेन गेली. (एक वाचक, सोलापूर)

‘भरपूर’ आणि ‘लगेच’ या दोन शब्दांनी तुमची चेन खाल्ली. हाच गाढवपणा मी स्वतः केलेला आहे. चिखलातून बाहेर आलो, चेन किरकिरत होती, खिशातली छोटी बाटली काढली आणि मातीवरच ओतली. आवाज थांबला, मी खूश. प्रत्यक्षात बारीक रेती आणि तेल यांचं वाटण मी पिनेपर्यंत पोचवलं होतं आणि पुढचे ४० किलोमीटर पाट्यावर घातल्यासारखी चेन वाटत घरी आलो. मातीवर तेल कधीच नाही. वाटेत आवाज असह्य झालाच तर आधी बाटलीतलं पाणी चेनवर ओता, पेडल उलटं फिरवून माती काढा, रुमालाने पुसा, आणि मगच चार थेंब.

प्रेशरचा पाइप सोडा. तो चिखल काढतो हे खरं, पण चाकाच्या हबमध्ये (मधल्या तुंब्यात) आणि दोन पेडलांच्या मधल्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. तिथलं ग्रीस गेलं की खर्च चेनपेक्षा मोठा. बादली, मग आणि जुना ब्रश पुरे. काळी माती ओली असतानाच काढा, वाळली की विटेसारखी होते. वरून पाणी ओतत खाली आणा, चेन शेवटी.

चेन फारच भरली असेल तर ती उतरवा. बहुतेक गिअरच्या चेनला आता क्विक लिंक, म्हणजे उघडता येणारी एक कडी असते, ती पक्कडीने उघडते. काही ११ आणि १२ स्पीडच्या (मागे तेवढी चक्रं असलेल्या सायकलींच्या) लिंका एकदाच वापरायच्या असतात, त्यामुळे पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. चेन रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बाटलीत टाका, बुडेल इतकं डिझेल किंवा रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन घाला, झाकण लावून दोन मिनिटं हलवा. पेट्रोल नको, त्याची वाफ लांबवरच्या ठिणगीनेही पेटते. पहिल्यांदा डिझेल डांबरासारखं निघेल, ते बदलून पुन्हा हलवा. तिसऱ्यांदा तळाशी नुसती वाळू दिसते, तेव्हा थांबा. भांड्याच्या साबणाने धुवा, फडक्याने पुसा, उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि मग थेंब-थेंब तेल. ओल्या चेनमध्ये तेल घातलंत तर पाणी आत कोंडतं. डिझेल गटारात ओतू नका. बाटली झाकून ठेवली की दोन दिवसांत गाळ तळाशी बसतो, वरचं पुढच्या वेळी चालतं.

हा सोहळा दर रविवारी नको, महिन्यातून एकदा फार झाला. आणि मडगार्ड लावा. दिसायला गावठी वाटतात म्हणून काढून टाकणारे पुष्कळ आहेत, पण चेनला त्यांच्याइतका स्वस्त रखवालदार दुसरा नाही. फक्त तुमच्या काळ्या मातीत मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटं जागा ठेवा, नाहीतर तिथेच गोळा अडकून चाक थांबेल.

प्रश्न: ग्रुपमधला एक जण चेन वितळलेल्या मेणात तळतो आणि आम्हाला तुच्छतेने बघतो. आम्हीही तळावी का? (एक वाचक, नाशिक)

कोरड्या दिवसांत तो तुच्छतेने बघण्याइतका बरोबर आहे. मेणाची चेन हाताला काळं लावत नाही आणि धूळही धरत नाही. पण भरपावसात मेण लवकर निघतं आणि उघडी पडलेली पिन एका रात्रीत गंजते. त्याच्याकडे दोन-तीन चेन असतील, दर भिजण्यानंतर तो बदलत असेल. तेवढी हौस नसेल तर दिवाळीनंतर सुरू करा. तेव्हा कंपनीचं मूळ ग्रीस आधी पूर्ण काढा, नाहीतर मेण धरत नाही. आणि मेण थेट गॅसवर ठेवू नका, ते पेट घेतं. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा.

प्रश्न: स्प्रेवालं तेल मारल्यापासून मागचा डिस्क ब्रेक किंचाळतो आणि नीट लागतही नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

फवारा डिस्कवर उडाला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिस्क दोन वेळा स्वच्छ कपड्याने पुसा, पॅड काढून बारीक पॉलिश पेपरवर हलके घासा. तरीही ओरडत असेल तर पॅडने तेल पिलं आहे, बदला. तोवर घाटाला हात लावू नका. पुढच्या वेळी थेंबाची बाटली.

प्रश्न: इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. भारतातून आणलेली सवय इथे चालेल का? (एक वाचिका, लीड्स)

तेल तेच, वेट. फरक मिठाचा. घरी पोचल्यावर चेनवर एक तांब्या साधं पाणी ओतून मीठ काढा, पुसा, वाळवा, मग तेल. मिठावर तेल घातलं तर गंज तेलाखाली आरामात वाढतो.

प्रश्न: सायकलवाला म्हणतो चेन ताणली, बदला, कॅसेटही (मागच्या चक्रांचा संच) बदला. हा खर्च खरा आहे हे मला कसं कळणार? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

चेनच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि त्यांच्या बैठकी झिजतात, प्रत्येक जोडात केसभर जागा होते आणि सगळी मिळून चेन लांब भरते. हे मोजायला एक फूटपट्टी पुरते, शक्यतो स्टीलची, लाकडी पट्टीच्या कडा झिजलेल्या असतात. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत नव्या चेनमध्ये बरोबर अर्धा इंच असतं. पेडलवर थोडा दाब ठेवून चेन ताठ करा, शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि ती सोडून पुढची चोविसावी पिन बघा. ती १२ इंचांच्या रेघेवर असेल तर चेन उत्तम. रेघेच्या पुढे १/१६ इंच गेली असेल तर सुमारे अर्धा टक्का झीज झाली. ११ किंवा १२ स्पीडची असेल तर आता बदला, ८ ते १० स्पीडची थोडी आणखी चालेल, पाऊण टक्क्यापर्यंत. १/८ इंच गेली असेल तर सायकलवाला खरं बोलतोय. मागच्या चक्रांचे दात त्या लांबलेल्या चेनच्या मापाने झिजलेत, नवी चेन त्यांच्यावर घसरेल. दुकानात जाताना फूटपट्टी दप्तरात घेऊन जा आणि त्यांच्यासमोरच मोजा.