बीबीएच्या पहिल्या सत्रातील मार्गदर्शनाविषयी

पुण्यात बीबीएला नुकताच प्रवेश घेतला असेल, तर पहिल्या चाचणीची वाट न पाहता मार्गदर्शक प्राध्यापकांची वेळ मागून घ्या आणि जाताना अभ्यासक्रमाची प्रत वाचून जा. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात साधारण 15 तासांचे अध्यापन, हे लक्षात ठेवल्यास ऐच्छिक विषयांचा भार नीट ओळखता येतो. अकरावी-बारावीला गणित सोडलेल्यांनी सांख्यिकीची भीती लपवू नये. ती वेळीच सांगितली, तर उजळणीची सोय करता येते, आणि माझ्या मते हेच या भेटीचे खरे प्रयोजन आहे. चिंचवडहून किंवा हडपसरहून येणाऱ्यांनी प्रवासाचा वेळही मोकळेपणाने सांगावा. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट्स ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या व्यवस्थेतील, स्वतःची नोंद दर सत्राअखेर तपासावी.