दोन बहिणी आणि एक समुपदेशक

प्रश्न : मी सहा वर्षांपासून समुपदेशक म्हणून स्वतंत्रपणे काम करते. एक बाई गेले आठ महिने माझ्याकडे नियमित येत आहेत. वडिलांच्या पश्चात राहिलेल्या घराच्या विक्रीची बोलणी त्यांनी धाकट्या बहिणीला अंधारात ठेवून सुरू केली आहेत आणि त्याची टोचणी त्या माझ्यापाशी बोलून दाखवतात. अलीकडे वेगळ्या आडनावाच्या एक बाई नव्याने येऊ लागल्या. दुसऱ्या सत्रात ध्यानात आले, की याच त्या धाकट्या बहीण. त्यांनी घराचा विषयही काढला नव्हता, तरी 'मग घराचे काय ठरले?' असे मी विचारून बसले. त्या क्षणभर थांबल्या आणि दुसरेच बोलू लागल्या. मी कोणाचेही गुपित फोडणार नाही, याची मला खात्री आहे. मग दोघींबरोबर काम सुरू ठेवण्यास हरकत आहे काय? थांबायचे ठरवल्यास धाकटीला कारण काय सांगावे?

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रात आले आहे. गुपित तुम्ही फोडले नाहीत, पण ते तुमच्या प्रश्नातून बाहेर डोकावले. ऐकलेली गोष्ट तोंडाला कुलूप लावून सांभाळता येईलही. मात्र कोणता धागा पकडून पुढे विचारायचे, कोठे गप्प राहायचे, कोणाच्या रडण्यावर विश्वास ठेवायचा, हे सारे त्या माहितीने आधीच बदललेले असते. म्हणून दोघींबरोबर काम सुरू ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मानसशास्त्रज्ञ कॅरन किचनर यांनी १९८४ मध्ये समुपदेशनातील नैतिक विचारासाठी पाच तत्त्वे मांडली : स्वायत्तता, अपाय टाळणे, हित साधणे, न्याय आणि विश्वासाला जागणे. तुमच्या प्रसंगात यांपैकी दोन तत्त्वे एकमेकांना छेद देतात. थोरलीच्या विश्वासाला जागावे तर धाकटीचे नुकसान उघड्या डोळ्यांनी पाहावे लागते, आणि धाकटीचे हित पाहावे तर थोरलीचा घात होतो. अशा वेळी धाकटीला नुसते सूचक सांगण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळा. गोपनीयतेची मर्यादा कोठे संपते, याविषयी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तारासॉफ खटल्यात १९७६ मध्ये दिलेला निर्णय या व्यवसायात सर्वत्र शिकवला जातो; तेथे प्रश्न एका तरुणीच्या जिवाचा होता आणि अशा वेळी धोक्यातल्या व्यक्तीच्या रक्षणासाठी उपचारकाने पावले उचलावीत, असे न्यायालयाने म्हटले. मालमत्तेतील लपवाछपवी कितीही क्लेशकारक असली, तरी ती त्या पंक्तीत बसत नाही.

आता कोणाबरोबरचे काम थांबवायचे? आठ महिने चाललेले काम मध्येच सोडणे थोरलीला अधिक इजा करील, आणि धाकटीची अवघी दोनच सत्रे झाली आहेत, म्हणून धाकटीला दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवणे मला योग्य वाटते. उशिरा आली म्हणून तिने का सोसावे, हा सल मलाही लागतो. त्यामुळेच हा निरोप फोनवर उरकू नका. तिला एक पूर्ण सत्र द्या, विश्वासातल्या दोन-तीन सहकाऱ्यांची नावे सुचवा आणि तिच्या संमतीखेरीज पुढच्या समुपदेशकाला एक शब्दही कळवू नका.

कारण सांगताना खोटे बोलू नका. 'सध्या वेळ नाही' ही सबब ज्या दिवशी उघडी पडेल, त्या दिवशी तिचा समुपदेशनावरचाच विश्वास उडेल. 'तुमच्याबरोबर काम करताना आवश्यक ती निष्पक्षता मला राखता येणार नाही, असे माझ्या लक्षात आले आहे. कारण माझ्या व्यवसायाशी निगडित आहे, तुमच्यात काही उणे आहे म्हणून नव्हे आणि त्याहून अधिक मला सांगता येत नाही,' एवढे पुरेसे आहे. तुमच्या त्या प्रश्नाने ती आधीच सावध झाली असेल आणि 'माझी बहीण तुमच्याकडे येते का?' असे विचारीलही. त्यावर 'माझ्याकडे कोण येते किंवा येत नाही, हे मी कोणालाच सांगत नाही. तुमच्याविषयीही सांगणार नाही,' असे शांतपणे म्हणा. थोरलीलाही यातले काही कळता कामा नये.

मात्र हे सारे एकट्याने ठरवू नका. दोघींची ओळख उघड न करता पर्यवेक्षकाशी, म्हणजे तुमच्या कामाला मार्गदर्शन करणाऱ्या अनुभवी समुपदेशकाशी बोला, आणि घराविषयी विचारून बसण्याची चूक पर्यवेक्षकापासून लपवू नका. समुपदेशनाच्या अभ्यासक हॉली स्टॅडलर यांनी १९८६ मध्ये सुचवलेल्या तीन कसोट्या या चर्चेत उपयोगी पडतील : दुसऱ्या कोणाच्या बाबतीतही मी असेच वागले असते काय, हे वागणे वृत्तपत्रात छापून आले तर मला चालेल काय, आणि अशाच पेचात सापडलेल्या सहकाऱ्याला मी हाच मार्ग सांगेन काय. कोणते पर्याय विचारात घेतले, कोणाचा सल्ला घेतला आणि काय ठरले, हे तारखेसह लिहून ठेवा. मात्र एकीच्या नोंदींत दुसरीचा उल्लेख येऊ देऊ नका. पुढे थोरलीचे ऐकताना धाकटीचा चेहरा सतत आड येऊ लागला, तर तिलाही अन्यत्र पाठवण्याची तयारी ठेवावी लागेल.

आणखी एक दुरुस्ती याच आठवड्यात करा. पहिल्या भेटीत सही घेतो त्या संमतीपत्रात, जवळच्या नात्यातील दोन व्यक्ती स्वतंत्रपणे आल्याचे आढळल्यास एकीला कारण न देता अन्यत्र पाठवावे लागू शकते, असे एक वाक्य घाला आणि ते प्रत्येकीला स्वतः वाचून दाखवा.