कौलांना कुणी सिलिकॉन लावत नाही

बाळ,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज वाचला. काचेच्या भिंतीवर पाणी मारून गळतीची चाचणी घेतलीस, पाचव्या मजल्यावर पाणी आत आलं, ठेकेदाराच्या माणसानं बाहेरून सिलिकॉनचा पट्टा ओढला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी मारलं तर थेंब नाही, आणि आता तो म्हणतोय, ‘मॅडम, तेवढं ओके लिहून टाका.’ लिहू का, हा तुझा प्रश्न नाहीच. लिहायचं असतं तर मला विचारलं नसतंस. पाणी कुठून आलं हे तुला कळलेलं नाही आणि बाकी सगळे कळल्यासारखे वागतायत, ही तुझी खरी अडचण.

एक सांग, सुरुवात कुठून केलीस? पाळणा, म्हणजे बाहेरून काम करायचा दोरांवरचा फलाट, गच्चीवरून सोडलेला होता, म्हणून वरून. हो ना?

खालून वर जायचं गं. किती वेळा सांगितलंय. वरच्या सांध्यावर मारलेलं पाणी काचेवरून ओघळत खालचे चार सांधे भिजवतं. आत थेंब दिसला तर तो पाचांपैकी कुणाचा म्हणशील? सगळ्यात खालचा आडवा सांधा आधी घे. नोझल काचेपासून ३०५ मिलिमीटरवर, दाब ३० ते ३५ पीएसआय, आणि दाब मोजणारं गेज नोझलपाशी, पंपापाशी नव्हे. दीड मीटर सांध्याला ५ मिनिटं, हात सावकाश पुढे-मागे. आत कोरडं राहिलं तरच वर सरकायचं. ५ मिनिटं म्हणजे ५ मिनिटं. फिटर तंबाखू मळून होईपर्यंत नव्हे. आत टॉर्च घेऊन एक माणूस हवा, आणि फॉल्स सीलिंग काढलेलं हवं. जिप्समच्या मागे काय चाललंय ते जिप्समवर डाग पडेपर्यंत दिसत नाही. आणि हे नोझल फक्त न उघडणाऱ्या सांध्यांसाठी. उघडणाऱ्या झडपेवर धरलंस तर पाणी येणारच, आणि ठेकेदार तेवढ्यावरून तुझी सगळी चाचणी खोटी ठरवेल.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या पहिल्या मोठ्या कामावर पाळणा एकाच दिवसासाठी भाड्यानं मिळाला होता. वर अडकवलेला होता, वरूनच सुरू केलं. दहा मिनिटांत आत पाणी. मी तोऱ्यात लिहिलं, ‘वरचं गॅस्केट (काचेच्या कडेची रबरी पट्टी) सदोष.’ तीन मजल्यांची गॅस्केटं काढून बदलली गेली आणि ज्या पोरानं ती बसवली होती त्याचे पैसे कापले. जुलैत पुन्हा गळलं. दोष खाली होता. आडव्या पट्टीच्या टोकाला पाणी अडवणारा तुकडाच बसवलेला नव्हता. त्या पोराला शोधायला मी नंतर दोनदा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, गेलो. भेटला नाही. एक दिवसाचा पाळणा असताना मी आणखी काय करणार होतो, असं मी अजूनही स्वतःला सांगतो. पण खालचा एक सांधा आधी घ्यायला पाचच मिनिटं लागली असती.

आता त्या सिलिकॉनचं. तळाच्या पट्टीला बाहेरून बारीक भोकं असतात, ती पाहिलीस का? माझी पैज आहे, त्या पट्ट्याखाली त्यातली दोन-तीन तरी बुजली असतील. ती गळतीची जागा नाही, पाण्याची वाट आहे. चांगली काचेची भिंत थोडं पाणी आत येणार हे धरूनच केलेली असते. आलेलं पाणी पन्हळीत पडतं आणि भोकातून बाहेर जातं. तुझ्या आजीच्या घराची कौलं आठव. कौलांना कुणी सिलिकॉन लावतं का? एकावर एक चढवतात आणि पाण्याला उतार देतात. भोक बुजवल्यावर ५ मिनिटांच्या चाचणीत पन्हळ भरत नाही, म्हणून तुला थेंब दिसला नाही. आषाढात तीन दिवस झड लागली की ती भरणार, आणि पश्चिमेचा वारा त्या पाण्याला आत ढकलणार. ३०० पास्कल दाब म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या आसपासचा वारा, आणि तेवढा दाब पाणी ३० मिलिमीटर वर चढवून धरतो. तुमच्या पट्टीचा आतला काठ किती उंच आहे? मोजलास? मोज.

वाऱ्याची गळती वेगळी घ्या. आतून प्लास्टिक चिकटवून पंख्यानं हवा ओढाल तेव्हा आधी काच बाहेरून पूर्ण झाकून एक आकडा घ्या. ती तुमच्या टेपची आणि प्लास्टिकची चोरटी हवा. नंतरच्या आकड्यातून ती वजा होते. हे न करता लिहिलेला आकडा मी वाचतसुद्धा नाही. जागा शोधायला मात्र देवघरातली उदबत्ती पुरते. धूर वळला तिथे बघ.

अहवालात काय लिहायचं? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाण्याची उंची मोजायची पट्टी काय सांगते तेवढंच. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि आत्ता पाणी किती. पट्टी कुणाची बाजू घेत नाही. तारीख, सांधा, दाब, किती मिनिटांनी पाणी आलं. मग वेगळ्या ओळीत: अमुक दिवशी बाहेरून सिलिकॉन लावलं, दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही, मूळ जागा सापडलेली नाही. पहिली चाचणी खोडायची नाही. तो ओरडेल. माझ्यावर ओरडले, दोन कामं गेली, घरात चार महिने बोलणी खाल्ली. हटवादी म्हणतात मला. म्हणोत. (तुझ्या काकूंचं मत अजून बदललेलं नाही.)

शनिवारी सकाळी सातला मी येतोय. तो पट्टा पात्यानं कापून काढायला सांग, माझं नाव घे. पाळणा पहिल्या मजल्यावर आणून ठेव. आणि पाण्याचा टँकर आदल्या दिवशीच बोलव, मागच्या वेळी तिसऱ्या सांध्याला टाकी संपली होती.

काका