‘खालसा’ एकच, की दोन?

‘संस्थान खालसा झाले’ यातला खालसा आणि शिखांचा खालसा हा एकच शब्द आहे का, आणि मोगलांशी झुंजलेल्या पंथाने अरबी-फारसी नाव का घेतले, असा दुहेरी प्रश्न आहे.

शब्द एकच. मूळ अरबी ‘खालिस’, म्हणजे निर्भेळ. आपला ‘निखालस’ त्यावरूनच आला. त्यातला ‘नि’ नकाराचा नाही, जोर देणारा आहे. ‘खलास’ आणि ‘खुलासा’ हेही त्याच धातूचे. मोगलांच्या महसुली कारभारात ‘खालिसा’ म्हणजे कुणा जहागीरदाराला तोडून न दिलेली, जिचा वसूल थेट बादशाही खजिन्यात जातो ती जमीन. मराठीने हाच अर्थ उचलला. जहागीर खालसा करायची म्हणजे मधला धनी काढून ती सरकारजमा करायची. डलहौसीने १८४८ मध्ये सातारा खालसा केला, तो याच अर्थाने.

गुरू गोविंदसिंहांनी १६९९ च्या बैसाखीला आनंदपूरला खालसा पंथ स्थापला; शिखांकडे हा शब्द त्याच्याही आधीपासून होता. गुरू ग्रंथ साहिबात कबीराचे पद आहे: ‘कहु कबीर जन भए खालसे, प्रेम भगति जिह जानी’. तिथे निर्मळ आणि मोकळे हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. गुरू तेगबहादुरांच्या हुकूमनाम्यात पाटण्याच्या संगतीला, म्हणजे तिथल्या शीख समुदायाला, गुरूचा खालसा म्हटले आहे. पुढे आनंदपूरला काय घडले हे समजायला मसंद माहीत हवेत. मसंद म्हणजे गावोगावच्या संगतींकडून गुरूसाठी भेट गोळा करणारे प्रतिनिधी. त्यांच्यातले बरेच जण पुढे मातले, स्वतःच गुरूसारखे वागू लागले. गुरू गोविंदसिंहांनी ती व्यवस्था मोडली आणि संगत थेट गुरूशी जोडली. म्हणून ‘खालसा म्हणजे शुद्ध’ एवढाच अर्थ सांगणे मला अपुरे वाटते. मधे कुणी नाही, हा त्या शब्दाचा कणा आहे, आणि तो दिल्लीच्या दफ्तरी अर्थाला अगदी लागून आहे.

आता नावाचे. लाहोरात १६०६ मध्ये गुरू अर्जन, दिल्लीत १६७५ मध्ये गुरू तेगबहादूर बादशाही हुकमाने मारले गेले. तरी फारसी ही शत्रूची भाषा ठरली नाही; पंजाबात दरबार, पत्रव्यवहार, हिशेब तिच्यातच चालत. गुरू गोविंदसिंहांनी १७०५ मध्ये औरंगजेबाला लिहिलेले पत्र, ‘जफरनामा’, फारसीतच आहे. त्यात कुराणाला दोष नाही. कुराणाची शपथ घेऊन ती मोडणाऱ्यांना खडा सवाल आहे. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची पदे आहेत, तसे सूफी संत शेख फरीदांचे श्लोकही आहेत. भंगाणीच्या लढाईत (१६८८) मुसलमान पीर बुद्धूशाह मुलांसह आणि मुरीदांसह (शिष्यांसह) गुरूंच्या बाजूने लढले. सरहिंदला गुरूंच्या धाकट्या मुलांना मारू नका, असे मालेरकोटल्याच्या नवाबाने तिथल्या मोगल अधिकाऱ्याला बजावल्याची आठवण शीख आजही जपतात.

वापराबद्दल एवढेच: शिखांचा खालसा मराठीत नाम आहे, त्याला विभक्ती लागते: खालशाने, खालशाची फौज. ‘खालसा करणे’ मधला शब्द बदलत नाही. १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला तेव्हा मराठीत दोन्ही एकाच वाक्यात येतात: खालशाचे राज्य खालसा झाले. हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पुनरुक्ती समजून त्यातला एक शब्द काढू नये.